सांगून हरवा

फोंड्याला तिस्कावर, रंगाच्या दुकानावरची ही खोली.
पंखा एकच, खुर्च्या एकोणीस. जरा सरकून बसा.
चहा येतोय, तोवर ऐका:
गुरुवारी रात्री एकला बस सुटेल, मोपाला.
बस कुणासाठीच थांबत नाही,
मागच्या खेपेला माझ्या सख्ख्या जावेसाठी थांबली नव्हती.
अजून बोलत नाही ती.

पासपोर्ट अंगावर.
पर्समध्ये नाही, नवऱ्याकडे तर नाहीच.
ज्याचा त्यानं, पोटाशी.
झेरॉक्स दोन. एक बॅगेत, एक घरी,
आणि घरी म्हणजे फ्रिजवर चिकटवलेली,
कपाटात कुलूप लावून किल्ली सोबत नेलेली नव्हे.

शिरसाटभावजी, हसू नका, तुम्हालाच सांगतेय.
सुक्या सुंगटांची एक पुडी सापडली
की तिथला अधिकारी नाकाला रुमाल लावतो
आणि अख्ख्या गटाच्या बॅगा उघडायला लावतो.
बावन्न मिनिटं उभे होतो आम्ही, एका पुडीपायी.

म्हार्दोळची जायांही नकोत.
माळूनच निघाल तुम्ही, मला ठाऊक आहे.
आत शिरण्याआधी बाकावर काढून ठेवा.
लादी पुसणारी कुणी उचलेल,
सकाळभर तिच्या केसांत राहतील.

बूट जुनेच आणा.
लिस्बन म्हणजे नुसता चढउतार,
नवे बूट कुणाचे ते पहिल्याच चढावर कळतं.
गोळ्या चिठ्ठीसकट.
खिडकीच्या जागेवरून भांडाल, भांडा,
तिसऱ्या दिवसापासून माणसं
एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवू लागतात.

आणि मी मोजेन. सारखी मोजेन.
चर्चच्या दारात, जेवणाआधी, संडासाबाहेरसुद्धा.
राग मानू नका. आडनाव तारी आहे माझं.
आजा दुर्भाटला होडी वल्हवायचा,
चढताना माणसं मोजायचा, पलीकडे उतरताना पुन्हा,
आकडा जुळला तरच पैशांना हात पुढे.

म्हणून एवढंच:
हरवायचं असेल तर सांगून हरवा.
हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा,
जिथे चुकलात तिथेच उभे राहा,
शोधणारा एकच असू दे, मी.

चहा झाला. प्रश्न झाले
(वजन किती, प्लग कसला, शाकाहारी मिळेल ना).
सगळे जिना उतरले.
मी पेले गोळा करत होते,
तर इंदुमती सिनाय कुंडईकर खुर्चीतच.
वय एकोणऐंशी, गुडघ्याला पट्टा.
म्हणाल्या, मंगळवारी दुपार मोकळी आहे ना?
किती वाजेपर्यंत?

मग डोळे मिटून त्यांनी एका दमात म्हटलं
मिन्यु, दोउरु, मोंदेगु, तेजु.
दुसरीत पाठ करून घेतलं होतं बाईंनी.
'तेजु विसरले म्हणून हातावर पट्टी खाल्ली.
घरामागून मांडवी वाहायची, गो,
ती काही कुणी विचारली नाही.'

त्यांना ती नदी बघायची होती.
फोटो नको, गट नको, माईकवरची माहिती नको.
काठावर बसून बघायचं होतं
जिच्यासाठी मार खाल्ला ती खरंच आहे का,
आणि आहे तर केवढी.

मी नियम सांगणार होते.
वय, गुडघा, विम्याचा कागद, सगळं ओठांवर होतं.
मग कार्डाच्या मागे माझा नंबर लिहिला, मोठ्या अक्षरांत,
आणि म्हटलं, पाचपर्यंत.
तिथेही होड्या चालतात. वाटलं तर बसा.
फक्त परतीचं तिकीट आधीच काढा.

मंगळवारी मी अठरा मोजेन.
कुणी विचारलं तर म्हणेन, जुळलं.
आणि पाचला दहा कमी असताना
धक्क्याच्या पायरीवर जाऊन उभी राहीन,
पैशांसाठी नाही,
हात पुढे करून.